व्यसनमुक्ती : रुग्णाची आणि कुटुंबाचीही

दारूचे व्यसन सोडविण्याच्या प्रयत्नांत सर्वांचे लक्ष व्यसनी व्यक्तीकडे असते. तिच्यासोबत वर्षानुवर्षे होरपळलेली पत्नी, आईवडील व मुले मात्र उपचारांच्या कक्षेबाहेर राहतात. वस्तुतः मद्यासक्ती हा आजार असून त्याची झळ साऱ्या घराला लागते.

पती पिऊन पडलेला असताना 'प्रकृती बरी नाही' असा निरोप पत्नी कामावर धाडते. वडील उधारी फेडतात. मुले मित्रांना घरी आणीनाशी होतात. हे सारे मायेपोटी व अब्रूपोटी घडते. परंतु त्यामुळे व्यसनाची किंमत व्यसनी व्यक्तीऐवजी इतरच चुकवीत राहतात आणि उपचारांची निकड तिला जाणवत नाही.

अमेरिकेत १९३५ साली मद्यपींच्या स्वमदत गटांची 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही चळवळ सुरू झाली. पुढे १९५१ मध्ये नातलगांसाठी 'अल-ॲनॉन' ही स्वतंत्र संघटना उभी राहिली. पुणे येथे डॉ. अनिता अवचट व श्री. अनिल अवचट यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालविला जातो. या व्यसनास आपण कारणीभूत नाही, ही जाणीव अशा गटांतून नातलगांना होते व मनावरचे मोठे ओझे उतरते.

खरी कसोटी रुग्ण घरी परतल्यावर लागते. पगाराच्या दिवशी त्याला उशीर झाला, की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो; खिसे तपासले जातात. दारू सोडूनही विश्वास नाही, याचे त्याला दुःख होते. दोघांचेही चुकत नाही. वर्षानुवर्षांत गमावलेला विश्वास परतण्यास वेळ लागणारच. पुन्हा घसरण झाल्यास ती न लपविता त्वरित उपचारकेंद्र गाठावे.

पंचायत सदस्यांनी एक दक्षता अवश्य घ्यावी. दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास झटके वा भ्रम होऊन जिवास धोका संभवतो. म्हणून ग्रामसभेत शपथ घालण्यापूर्वी त्यास डॉक्टरांकडे न्यावे. वर्गात अबोल झालेल्या, वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलाची शिक्षकांनी एकांतात, मायेने विचारपूस करावी. १४४४६ या निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर नातलगांनाही सल्ला मिळतो. रुग्ण अद्याप तयार नसला, तरी कुटुंबाने मदत घेण्यास थांबण्याचे कारण नाही.