जिवंत पेशीतील वाहतूक

दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज सुमारे ९० किलोमीटरच्या लोहमार्गाने भिलाईच्या पोलाद कारखान्यात येते. गाड्या खोळंबल्या तर झोतभट्टीची उपासमार होते. चेतापेशीची स्थिती फारशी निराळी नाही. माणसाच्या कण्यापासून पायापर्यंत जाणारा तिचा तंतू सुमारे १ मीटर लांब असतो. टोकाला लागणारी बहुतेक सामग्री मात्र पेशीच्या मुख्य भागातच तयार होते. सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून ती ओढून नेणारे कायनेसिन हे प्रथिन १९८५ साली सापडले. सेकंदाला १ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, या गतीने अखंड चालले तरी या प्रवासास साडेअकरा दिवस लागतात! ही वाहतूक बिघडणे हे कित्येक चेताविकारांचे लक्षण आहे.

ही वर्दळ पाहावी कशी? पेशी मारून रंगविली तर सर्व गाड्या थांबलेल्याच दिसणार. अनुस्फुरक द्रव्यांनी ही अडचण दूर केली. असे द्रव्य निळा प्रकाश शोषून हिरवा बाहेर टाकते. गाळणीने निळा अडविला की काळोखात केवळ खूण केलेले अंगक चमकते. ऱ्होडामीन-१२३ या रंगाची युक्ती तर मोठी मार्मिक आहे. त्याच्या रेणूवर धन विद्युत्भार असतो आणि पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांचा अंतर्भाग ऋण असतो. म्हणून रंग आपणहून तेथे गोळा होतो. तंतुकणिका निकामी झाली की तो ओसरतो.

ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ साली एका जेलीफिशमधून हिरवे चमकणारे प्रथिन वेगळे केले. १९९४ साली मार्टिन चाल्फी यांनी त्याचे जनुक सूत्रकृमीत घालून त्याच्या चेतापेशी उजळविल्या. हा कृमी जेमतेम १ मिलिमीटर लांब, पण पारदर्शक. त्यामुळे त्याला न चिरता आतील वाहतूक दिसते. मात्र तो स्वस्थ राहत नाही. त्यास गुंगीचे औषध द्यावे, तर ते वाहतुकीवरच परिणाम करते. संध्या कौशिका व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली यावर उपाय प्रसिद्ध केला. बारीक खोबणीत कृमी ठेवून वरच्या लवचिक पडद्याने त्यास हळुवार दाबून धरावयाचे. औषध नाही, शस्त्र नाही. काही मालांच्या वाहतुकीवर गुंगीचा परिणाम किती अनपेक्षित असतो, हे त्याच वेळी उघड झाले. पुढे कौशिका यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हाच अभ्यास चालविला.

प्रकाशाचीही एक किंमत असते. तीव्र झोताने खूण फिकी पडते आणि पेशीला इजा होते. म्हणून निरीक्षक झोत मंद ठेवतो, क्षणभरच उघडतो आणि काहीशा अंधुक चित्रावर समाधान मानतो.