हातमोजे आणि हात

२०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा कित्येक जण रबरी हातमोजे घालून भाजीबाजारात जात. हातमोजे घातले की आपण सुरक्षित, अशी त्यांची समजूत होती. ती कितपत खरी होती?

हा विषाणू अखंड कातडीतून शिरत नाही. नाक, तोंड व डोळे या त्याच्या वाटा. तो मुख्यतः श्वासावाटे पसरतो. हात हा दुय्यम वाहक. ज्या हातमोज्याने टोमॅटो निवडले, नोटा मोजल्या, त्यानेच घसरलेला मास्क नाकावर ओढला, तर काय साधले? उघडा हात मळला की धुवावासा वाटतो. हातमोज्यात मळ जाणवत नाही, आणि माणूस निर्धास्त होतो. खरा धोका या निर्धास्तपणातच आहे.

साबण विषाणूचे स्निग्ध आवरणच फोडतो. मात्र किमान २० सेकंद हात चोळले पाहिजेत. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुण्याचा नियम केला आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तेथे हातमोजे नव्हते, शिस्त होती.

हातमोजे घालायचेच, तर ते उलटे करून काढावेत, टाकून द्यावेत आणि मग हात धुवावेत. म्हणजे शेवटी साबणाकडे यावेच लागते!