ट्रक लीजवर घेऊ का? आधी बोईसर-भिवंडीचा हिशोब मांडा

पालघर, बोईसर, मनोर या पट्ट्यातून सध्या एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतोय. "सर, चौदा फुटी गाडी लीजवर मिळतेय. महिन्याला ४२ हजार, डाऊन पेमेंट नाही. तारापूर एमआयडीसीत माल तर भरपूर आहे. घेऊ का?"

माल भरपूर आहे, खरंय. केमिकल, औषधं, कापड, स्टील, सगळं इथून निघतं आणि चिल्हार फाट्यावरून हायवेला लागतं. पण माल कारखान्याचा आहे, तुमचा नाही. तुमच्या हातात फक्त खेपा आहेत, म्हणून खेपांचाच हिशोब करू. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, त्यांच्या जागी तुमचे खरे आकडे टाका.

बोईसर ते भिवंडी, जाऊन-येऊन १७० किलोमीटर धरा. भाडं ५,५०० रुपये. त्यातून दलालाचं कमिशन ३००. गाडी लिटरला सात किलोमीटर देते, डिझेल ९० रुपये, म्हणजे साधारण २,२०० गेले. टोल ४००. वाराई, गेटवरचा किरकोळ खर्च, चहा-जेवण ३००. टायर आणि सर्व्हिसिंगसाठी बाजूला ५०० काढा. हे ५०० रोज दिसत नाहीत म्हणून सगळे विसरतात, आणि मग टायर बदलायच्या दिवशी उधारी काढतात. उरले १,८०० रुपये.

आता ४२,००० ला १,८०० ने भागा. चोविसाव्या खेपेला कुठे भाडं फिटतं. महिन्यात २४ खेपा होतात का? सकाळी गेटवर नंबर लावला, दुपारी माल भरला, भिवंडीच्या गोदामात संध्याकाळी "उद्या खाली करू" म्हणाले, की एक दिवस गेला. अशा हॉल्टिंगमुळे नवीन माणसाने २० खेपाच धराव्यात. २० खेपांचे ३६,००० झाले. म्हणजे खिशातून ६,००० घालायचे आणि महिनाभर ड्रायव्हिंग फुकट.

मग लोक कमावतात कसे? रिटर्न भाड्यावर. येताना रिकामी येणारी गाडी भरून आली, तर डिझेल-टोल आधीच निघालेला असतो. वरचं किरकोळ वजा करून एका परतीच्या खेपेला २,००० उरले असं समजा. २० पैकी ८ वेळा परतीचा माल मिळाला तर १६,००० वाढले, आणि लीज भरून हातात १०,००० राहिले. एवढ्यासाठी स्वतःच्या डोक्यावर जोखीम कशाला? दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून उभे राहिलात तरी जास्त मिळेल. तेच १४ वेळा मिळाला तर २२,००० राहतात. म्हणजे निर्णय ४२ हजारांवर नाही, परतीच्या मालावर अवलंबून आहे.

इथे मी दुकानदार म्हणून एक गोष्ट सांगतो. माझ्यासारख्या पालघर-बोईसरच्या कितीतरी दुकानांचा माल भिवंडीच्या गोदामांतून येतो. पाच पेट्या कुणाच्या, दहा गोण्या कुणाच्या. पूर्ण गाडी कुणालाच परवडत नाही. बाजारातल्या आठ-दहा दुकानदारांना जाऊन विचारा, "मंगळवारी आणि शुक्रवारी माझी गाडी भिवंडीहून येते, तुमचा माल आणू का?" गाडी घेण्याच्या आधी विचारा बरं का. चार जणांनी ठाम "हो" म्हटलं नाही, तर लीजच्या कागदावर सही करायची घाई नको.

केमिकलचं भाडं चांगलं मिळतं, हेही ऐकलं असेल. पण धोकादायक माल न्यायचा तर ड्रायव्हरला तीन दिवसांचं ट्रेनिंग आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. गाडीवर त्या मालाचे इशाऱ्याचे फलक लागतात. स्टीलवाले कधीकधी "दोन टन जास्त टाक" म्हणतील. ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. एका चलनात तेरा-चौदा खेपांची कमाई साफ. साध्या लायसन्सबद्दल मात्र चांगली बातमी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की ७,५०० किलोपर्यंत ग्रॉस वजनाच्या मालवाहू गाडीला एलएमव्ही लायसन्स चालतं. गाडीच्या आरसीवर वजन बघा.

आता लोनशी तुलना. गाडी २० लाखांची, ३ लाख तुमचे, १७ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी. हप्ता जवळपास ३७,०००. इन्शुरन्स आणि टॅक्सचे महिन्याला ५,००० धरले, की झाले तेच ४२,०००! फरक एवढाच, की ६० महिन्यांनी एका बाजूला गाडी तुमची होते आणि दुसऱ्या बाजूला चावी परत करायची असते. करातही फरक पडतो. स्वतःच्या किंवा हप्त्यावरच्या लहान मालगाडीला महिना ७,५०० रुपये उत्पन्न धरून कर भरायची सोय आहे (सीए लोक ४४एई म्हणतात). निव्वळ लीजची गाडी त्यात मालकीची धरत नाहीत, तेव्हा डिझेलची प्रत्येक पावती जपा. लीजच्या भाड्यावर जीएसटी वेगळा आहे का, तेही विचारा. तुमची नोंदणी नसेल तर तो पैसा परत येत नाही.

मग लीज कधी घ्यावी? माझ्या मते एकाच कामासाठी: लाईन चालते का हे तीन-सहा महिने तपासायला. म्हणून लॉक-इन तीन वर्षांचं असेल तर लीजचा फायदाच संपला. तेवढं बांधून घ्यायचं तर लोन बरं. आणि ३ लाखही नसतील तर छोटा हत्ती बघा. ३,००० किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिट लागत नाही आणि मुद्रा योजनेत तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं.

करारात काय वाचायचं? गाडी गॅरेजमध्ये असेल त्या दिवसांचं भाडं माफ आहे का. किलोमीटरची मर्यादा किती. ई-चलन आरसीवाल्याच्या नावावर येतं आणि तुमच्या डिपॉझिटमधून कापलं जातं, त्याचा हिशोब कधी दाखवणार. सगळ्यात महत्त्वाचं, मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे लीजवरची गाडी ज्याच्या ताब्यात, तो "मालक" धरला जातो. अपघात झाला तर "गाडी माझी नाही" म्हणता येत नाही. इन्शुरन्सची कॉपी हातात घेऊन तारीख तपासल्याशिवाय गाडी हलवू नका. आरसीवर लीजची नोंद करून घ्या.

आणि हातात रोकड हवी. कंपनीचं थेट काम मिळालं आणि पैसे ४५ दिवसांनी आले, तर तोवर साधारण ३० खेपा होतात. एका खेपेला डिझेल, टोल, किरकोळ मिळून २,९००, म्हणजे ८७,०००. दीड महिन्याची लीज ६३,०००. डिपॉझिट सोडून हे दीड लाख आधी बँकेत दिसले पाहिजेत.

जाता जाता, कुणी "चालू हप्त्याची गाडी घे, नोटरी करून देतो, हप्ते तू भर" म्हणालं तर त्याला लीज समजू नका. कर्ज आणि आरसी त्याच्या नावावर, पैसा तुमचा. त्याने दुसऱ्या कुठल्या कर्जाचा हप्ता थकवला तरी गाडी तुमच्या दारातून उचलली जाऊ शकते. फायनान्स कंपनीची लेखी परवानगी आणि आरटीओत नाव बदल, हे दोन्ही होत नसेल तर नको म्हणा.