पावसाळ्यातील ऊन आणि जागेची निवड

सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळ्यास वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून सुमारे ६५ किलोमीटरांवरील पुण्यास ७०० च्या आसपास. घाट चढताना ढग रिते होतात व पलीकडे उतरणारी हवा तापून कोरडी होते. भोसरी या पर्जन्यछायेत मोडते. मावळात दिवसचे दिवस न दिसणारे ऊन येथे अधूनमधून पडते. परंतु उघडीप थोडा वेळच टिकते आणि तेवढ्यात गोठा व बियाणे वाळले पाहिजे. दमट बियाण्यास बुरशी लागून उगवण घटते.

म्हणून बांधकामापूर्वी जागेवर सावली कोठे पडते ते पाहावे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य येथे किंचित उत्तरेस असतो. पुष्कळांना हे खरे वाटत नाही. त्यांनी काठी रोवून पाहावी. डिसेंबरात मात्र मध्यान्ही भिंतीची सावली उत्तरेस जवळजवळ तिच्या उंचीइतकी पडते. सबब कारखान्याच्या उंच भिंतीलगत उत्तरेस खळे करू नये. गोठ्याची लांबी दक्षिणोत्तर ठेवावी, म्हणजे सकाळचे व तिसऱ्या प्रहरचे ऊन आत शिरते. झड पश्चिमेकडून येते. त्या अंगास काढता-घालता येणाऱ्या तट्ट्या बांधाव्यात आणि ऊन पडताच त्या काढाव्यात.