हक्काचा वाटा

(शहराच्या कारभाराला पैसा कोठून मिळतो आणि न्याय्य वाटा कसा मागावा, हे या पाठात सांगितले आहे.)

सकाळी नळाला पाणी आले, की तुम्ही घागरी भरता आणि मग शाळेत येता. कल्याण-डोंबिवलीत हे पाणी उल्हास नदीतून उचलतात, शुद्ध करतात आणि घरोघरी पोचवतात. हे काम महानगरपालिकेचे. ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी स्थापन झाली आणि कल्याणची १ ऑक्टोबर १९८३ रोजी. पाणी नदीतून येते, हे खरे. पण पैसा कोठून येतो?

घरपट्टी आणि पाणीपट्टी तुमचे आईवडील भरतात. पूर्वी जकातही होती. ‘जकात’ हा शब्द तुम्ही रमजानमध्ये घरी ऐकता. ती गरिबांसाठी काढलेली रक्कम. मराठीत मात्र जकात म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर. शहराच्या वेशीवर जकात नाके असत आणि तेथे मालट्रकांच्या रांगा लागत. पुढे जकात गेली, स्थानिक संस्था कर आला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर सुरू झाला, तेव्हा तोही गेला. त्याची भरपाई राज्य शासन देते. जो पैसा महानगरपालिका स्वतः वसूल करत असे, त्यासाठी आता तिला दुसऱ्याकडे पाहावे लागते.

मोठ्या कामांना केंद्र सरकारची मदत लागते. ती देताना नियम करावे लागतात आणि नियमातही कधी अन्याय लपलेला असतो. एक उदाहरण पाहा.

३ डिसेंबर २००५ रोजी केंद्राने शहरांसाठी जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केले. पाणी, सांडपाणी अशा कामांसाठी त्यात पैसा होता. नियम असा होता : चाळीस लाखांहून मोठ्या शहराला खर्चाचे ३५ टक्के केंद्र देईल, १५ टक्के राज्य देईल आणि ५० टक्के शहराने उभे करावेत. दहा ते चाळीस लाखांच्या शहराला केंद्र ५० टक्के व राज्य २० टक्के देईल. शहराने फक्त ३० टक्के घालावेत.

२००१ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती. नाशिक शहराची पावणेअकरा लाखांच्या आसपास होती. दोन्ही शहरे जवळजवळ सारखीच. पण कल्याण-डोंबिवली बृहन्मुंबई नागरी समूहात मोडत होती, म्हणून तिला मुंबईचा नियम लागला. शंभर रुपयांच्या कामात नाशिकने तीस रुपये घालायचे आणि कल्याणने पन्नास!

नियम करणाऱ्यांचाही काही विचार होता. मुंबई श्रीमंत आहे, तिने जास्त भार उचलावा, असे त्यांना वाटले. पण मुंबईची तिजोरी कल्याणला उघडी नाही. डोंबिवलीचा माणूस सकाळी लोकलने मुंबईला जातो, दिवसभर राबतो आणि रात्री घरी परततो. त्याच्या श्रमाचा लाभ मुंबईला होतो; त्याच्या पाण्याचा आणि कचऱ्याचा खर्च मात्र कल्याण-डोंबिवलीवर पडतो.

हे अभियान आता संपले. प्रश्न संपला नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी स्थानिक संस्थांचे अनुदान राज्याराज्यांत वाटताना लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के महत्त्व दिले. लोकसंख्या धरली ती २०११ ची. तुमच्यापैकी कितीजणांचा जन्म २०११ नंतरचा आहे? हात वर करा. मुलांनो, पाणी तुम्ही पिता, पण त्या हिशेबात तुम्ही नाही.

मग वाटा मागायचा कसा? संविधानाची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने नगरपालिकांना संविधानात स्थान दिले. दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमावा, असे ठरले. केंद्रीय वित्त आयोगालाही स्थानिक संस्थांचा विचार करावा लागतो. महानगरपालिका सभागृहात ठराव करते, निवेदन पाठवते, खासदार संसदेत प्रश्न विचारतात. पण ठराव करायला नगरसेवक हवेत. कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली पाच वर्षे प्रशासकाचा कारभार होता.

आणखी एक गोष्ट. मागणाऱ्याने आपला हिशेब चोख ठेवला पाहिजे. शहराने आपले तपासलेले हिशेब लोकांसमोर मांडावेत, अशी अट वित्त आयोगानेच घातली. आपणही घरपट्टी वेळेवर भरली, नळ वाहता सोडला नाही, तर आपल्या मागणीला वजन येते.

अर्ज, हक्क, हिशेब, वसूल हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत आणि मराठीतही. ते दोन्ही भाषांत नीट लिहायला शिका. उद्या शहराचा अर्ज तुम्हालाच लिहायचा आहे.

शब्दार्थ : वेस – गावाची सीमा, न्याय्य – न्यायाला धरून असलेले, अनुदान – शासनाकडून मिळणारी आर्थिक मदत, चोख – बिनचूक.

स्वाध्याय
१. जकात या शब्दाचे दोन अर्थ सांगा.
२. २०० कोटींच्या कामात नाशिकला व कल्याणला स्वतःचे किती कोटी घालावे लागले असते?
३. तुमच्या वस्तीतील एका गैरसोयीबद्दल महानगरपालिका आयुक्तांना अर्ज लिहा.