वर्धापनदिनाचे रक्तदान : एका दिवसाचे की वर्षभराचे?

सूरतमधील मराठी मंडळांत वर्धापनदिनानिमित्त रक्तदान शिबिर घेण्याची प्रथा चांगली रुजली आहे. अशा शिबिरांत तपासणीच्या टेबलावर बसण्याची संधी मला अनेक वर्षे मिळाली. सुरुवातीच्या काळात संध्याकाळी आमचा प्रश्न एकच असे, "किती बाटल्या झाल्या?" जानेवारीतील अशाच एका विक्रमी शिबिरानंतर मे महिन्यात एक गृहस्थ दवाखान्यात आले. त्यांच्या थॅलेसेमियाग्रस्त मुलाला रक्त हवे होते आणि त्याच्या गटाची पिशवी मिळत नव्हती. आमच्या शिबिरातील रक्त तोपर्यंत वापरले गेले होते किंवा मुदत संपून बाद झाले होते. रक्तदात्यांना फोन लावले, तर निम्मे लोक लग्नसराईसाठी खानदेशात गेलेले. दाता मिळाला, पण तिसऱ्या दिवशी. तेव्हापासून शिबिराचा हिशेब मी वेगळ्या रीतीने मांडू लागलो.

रक्त साठवून ठेवण्यास मर्यादा आहे. तांबड्या पेशी वापरलेल्या द्रावणानुसार 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स साधारण 5 दिवस, तर गोठविलेला प्लाझ्मा वर्षभर. थॅलेसेमिया मेजरच्या रुग्णाला मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्णही आहेत. शिवाय पुरुषाला 90 व स्त्रीला 120 दिवसांपर्यंत पुन्हा रक्तदान करता येत नाही. म्हणजे मार्चच्या मध्यास सर्वांनी एकदम रक्त दिले, तर मे महिन्यात ते सर्वच अपात्र ठरतात. नेमक्या त्याच महिन्यात, आणि दिवाळीत कापडबाजार व हिऱ्यांचे कारखाने बंद झाल्यावर, आपले शहर रिकामे होते. रुग्ण मात्र येथेच असतात.

यावरून आयोजकांसाठी काही सूचना कराव्याशा वाटतात.

1. तारीख ठरविण्यापूर्वी रक्तकेंद्राला विचारावे. सूरत रक्तदान केंद्र, लोकसमर्पण रक्तदान केंद्र यांसारख्या संस्था आपल्या शहरात आहेत. त्या काळात किती पिशव्यांची गरज आहे, हे त्यांनाच नीट ठाऊक असते.

2. इच्छुकांच्या यादीचे तीन भाग करावेत. एक भाग वर्धापनदिनी, दुसरा उन्हाळी सुटीच्या तोंडावर आणि तिसरा दिवाळीच्या आधी बोलवावा. समारंभ एकदाच होईल, दान तीनदा होईल.

3. तपासणीत भिडस्तपणा नको. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन किमान 12.5 ग्रॅम हे निकष अध्यक्षांनाही लागू आहेत. प्रश्न आडोशाला, एकट्याला विचारावेत. मित्रांसमोर कोणी खरे सांगत नाही.

4. भेटवस्तूंचे आमिष ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देण्यास देशात बंदी आली. महागड्या वस्तूच्या मोहानेही आजार लपविला जाऊ शकतो. संसर्ग नुकताच झालेला असेल, तर चाचणीत तो दरवेळी सापडतोच असे नाही.

5. परत पाठविलेल्यांची वेगळी नोंद ठेवावी. हिमोग्लोबिन कमी भरल्यामुळे परत जाणाऱ्यांत भगिनींची संख्या मोठी असते. "ताई, आज नको" एवढ्यावर त्यांची बोळवण करू नये. चिठ्ठी द्यावी, कारण शोधावे, उपचार करावेत. आपल्या डॉक्टरमंडळींचे खरे काम येथेच आहे.

6. रक्तदानानंतर विश्रांती, पाणी व अल्पोपाहार झाल्याशिवाय कोणासही जाऊ देऊ नये. प्रमाणपत्रासोबत पुढील पात्रतेची तारीख लिहून द्यावी आणि त्या सुमारास एका कार्यकर्त्याने फोन करावा.

पुढील वर्षी आम्ही यादीचे असे भाग केले. वर्धापनदिनाचा आकडा घसरला आणि काही ज्येष्ठ सभासद नाराजही झाले. मात्र त्या मे महिन्यात तेच गृहस्थ आले, तेव्हा त्यांच्या मुलाच्या गटाचे दोन दाते गावातच होते व दोघेही पात्र होते. दुपारपर्यंत काम झाले.

मंडळाचा वर्धापनदिन वर्षातून एकदाच येतो, त्या मुलाची पाळी मात्र दर काही आठवड्यांनी येते. यंदा शिबिराची तारीख ठरविताना दोन्ही दिनदर्शिका शेजारी ठेवाव्यात, एवढीच नम्र विनंती.