वीजप्रकल्प आणि लोकसंमती : नर्मदेचा धडा

वीज जेथे वापरली जाते ते स्थळ आणि तिच्यासाठी जेथील जमीन द्यावी लागते ते स्थळ, ही सहसा भिन्न असतात. शहरात दिवा लागतो, शेत मात्र दूरच्या खोऱ्यातले बुडते. ज्यांच्यावर हा भार पडतो त्यांची संमती कशी मिळवावी, याचा येथे विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न नवा नाही. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने मुळशी पेट्यात हाती घेतलेल्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट हे त्याचे अग्रणी होते. धरण झाले, परंतु केवळ पैशाने जमिनीचे मोल फिटत नाही, हे या लढ्याने दाखवून दिले.

लवादाचा निर्णय

नर्मदा जलविवाद लवादाने डिसेंबर १९७९ मध्ये दिलेला निर्णय या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सरदार सरोवराच्या विजेपैकी मध्य प्रदेशास ५७, महाराष्ट्रास २७ व गुजरातेस १६ टक्के वाटा ठरला. त्याचबरोबर, ज्या कुटुंबाची २५ टक्क्यांहून अधिक जमीन जाईल त्यास किमान २ हेक्टर सिंचनयोग्य जमीन द्यावी, सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब मानावा आणि पुनर्वसन बुडिताच्या आधी व्हावे, असेही ठरले. अंमलबजावणीवर देखरेख ठेवणाऱ्या नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाचे कार्यालय इंदूर येथे आहे.

जमीन की रोख ?

तत्त्व उत्तम होते; कसोटी अंमलबजावणीची होती. महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. तळोदा परिसरातील वनजमीन मोकळी करून तेथे वसाहती उभारण्यात आल्या. तथापि हे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. मध्य प्रदेशात अनेकांना जमिनीऐवजी रोख रक्कम हप्त्यांनी देण्यात आली. जमीन शोधून खरेदी करण्याचा भार विस्थापितांवरच पडला आणि दलालांनी खोटी खरेदीखते करून त्यांना लुबाडले. या प्रकारांच्या चौकशीसाठी उच्च न्यायालयाने न्यायमूर्ती झा आयोग नेमला. अखेर ८ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६८१ कुटुंबांना प्रत्येकी ६० लाख रुपये, तर फसवणूक झालेल्या १,३५८ कुटुंबांना प्रत्येकी १५ लाख रुपये (आधी दिलेली रक्कम वजा करून) देण्याचा आदेश दिला. लवादाच्या निर्णयानंतर तोवर ३७ वर्षे लोटली होती. ज्याच्या हाती कधी मोठी रक्कम आली नाही, त्यास केवळ रक्कम देणे म्हणजे जबाबदारी पार पाडणे नव्हे, हा यातील पहिला धडा होय.

भरपाईकडून वाट्याकडे

दुसरा धडा असा की, भरपाई एकदाच मिळते, प्रकल्पाचे उत्पन्न मात्र वर्षानुवर्षे चालू राहते. म्हणून २००८ च्या राष्ट्रीय जलविद्युत धोरणात बाधित कुटुंबास दहा वर्षे दरमहा १०० युनिट विजेची आणि स्थानिक विकास निधीसाठी १ टक्का मोफत विजेची तरतूद झाली. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आवश्यक ठरविले. विद्युत्-वाहिन्यांबाबतही असाच बदल झाला आहे. मनोऱ्याखालच्या जागेसाठी २०१५ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत जमीनमूल्याच्या ८५ टक्के मोबदला होता. २०२४ मध्ये तो २०० टक्के करण्यात आला. तारांखालील पट्ट्यासाठीचा मोबदला १५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेला.

प्रसिद्धीची मर्यादा

प्रसिद्धीचे काम करणाऱ्यांनी येथे स्वतःलाही एक प्रश्न विचारावा. प्रकल्पाचे महत्त्व पत्रकांतून व चित्रफितींतून समजावून दिले की विरोध मावळेल, अशी समजूत असते. वास्तविक गावकऱ्यांना विजेचे महत्त्व ठाऊक असते. त्यांना हवी असते ती आपल्या सातबाऱ्याची हमी. यादी चावडीवर वाचली जावी, हरकती ऐकल्या जाव्यात, पर्यायी जमीन आधी प्रत्यक्ष दाखवावी आणि दिलेला शब्द पाणी चढण्यापूर्वी पाळला जावा. एवढे घडले तर प्रचाराची गरज फारशी उरत नाही. आणि हे घडले नाही तर कोणत्याही प्रचाराचा उपयोग होत नाही.